मेंडिप पठार आणि चेडर घळ: पाणी मुरणाऱ्या चुनखडकात एवढी खोल दरी कापली कशाने?

शैलेय

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं मेंडिप पठार आणि त्याच्या दक्षिण कडेला असलेली चेडर घळ यांचा अभ्यास करतोय. घळ १३७ मीटरपर्यंत खोल आहे, तळातून बी ३१३५ रस्ता जातो, पण प्रवाह नाही. पाणी अगदी खालच्या टोकाला, गॉफ गुहेजवळ, जमिनीतून उसळतं आणि तिथून चेडर यो नदी सुरू होते. वर पठारावर वेल्वेट बॉटमसारख्या दऱ्या आहेत, त्याही कोरड्याच.

तीन स्पष्टीकरणं वाचनात आली. एक, मोठ्या गुहेचं छत कोसळून घळ झाली. दोन, हिमनदीने खोदली. तीन, नदीने कापली. तिसरं पटतं, पण नदी चुनखडकावर टिकलीच कशी? आज तर पाऊस पडला की पाणी भेगांत गडप होतं.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या दरीचं वय कशावरून ठरवतात? आणि लायडारचा (विमानातून लेसरने मोजलेला) १ मीटरचा उंचीनकाशा घेऊन दरीचा लांबछेद, म्हणजे तळाच्या उंचीचा उगमापासून तोंडापर्यंतचा आलेख, काढायचा आहे, त्यात कुठे चुकायला होतं?

---

खडकवाट

नदीने. पण ती नदी वाहिली ती जमीन गोठलेली असताना, आणि हाच मुद्दा बहुतेक वर्णनांत एका वाक्यात उरकलेला असतो.

आधी बाकीची दोन स्पष्टीकरणं. छत कोसळून झालेली दरी दोन्ही टोकांना अचानक संपणारी आणि तळाशी छताच्या शिळांचा ढिगारा असलेली असते. चेडरला असं काही नाही. घळ वळणं घेत जाते, हॉर्सशू बेंड तर नकाशावरही उठून दिसतं. तिला दोन्ही बाजूंनी छोट्या कोरड्या दऱ्या येऊन मिळतात, झाडाच्या फांद्या खोडाला मिळाव्यात तशा. हा आराखडा वाहत्या पाण्याचाच असतो. शिवाय कड्यांत उघडी पडलेली गुहांची तोंडं ही लहान वाटांची आहेत, घळीएवढ्या एखाद्या दालनाच्या उरलेल्या भिंती नव्हेत.

हिमनदीचं म्हणाल, तर मेंडिपच्या माथ्यावर हिमस्तर चढल्याची कोणतीही ठोस खूण नाही. खरवडलेले खडक नाहीत, हिमनदीने आणून टाकलेला मिश्र गाळ नाही. उत्तरेला यॉर्कशरमध्ये मॅलहमला जाऊन पाहा. तिथे हिमनद्यांनी माती साफ ओढून नेली आणि मागे उघड्या चुनखडकाची फरसबंदी राहिली. मेंडिपवर तशी फरसबंदी नाही. उलट वाऱ्याने आणलेल्या बारीक लोएस मातीचा थर चुनखडकावर टिकून आहे. शेवटच्या हिमयुगात हिमस्तर साउथ वेल्सपर्यंत आला, मेंडिप त्याच्या दक्षिणेला उघडंच राहिलं.

उघडं राहिलं म्हणजे उबदार राहिलं असं नाही. सरासरी वार्षिक तापमान शून्याखाली पाच-सहा अंश गेलं की जमीन वर्षभर गोठलेली राहते. उन्हाळ्यात फक्त वरचा अर्धा ते दोन मीटरचा थर वितळतो. त्याखालच्या भेगांत बर्फ आणि बर्फाने घट्ट झालेला चिखल. त्यामुळे एरवी चाळणीसारखा असलेला चुनखडक पाण्याच्या दृष्टीने अभेद्य झाला. हिवाळाभर साचलेला बर्फ उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवड्यांत वितळायचा आणि मुरायला वाट नसल्यामुळे सगळंच्या सगळं पृष्ठभागावरून धावायचं.

अंदाजासाठी हिशोब करा. ३० चौरस किलोमीटरचं पाणलोट धरा, १५० मिलिमीटर पाण्याइतका बर्फ धरा आणि तो १५ दिवसांत वितळला असं समजा. दिवसाला १० मिलिमीटर, म्हणजे ३ लाख घनमीटर, म्हणजे सरासरी साडेतीन घनमीटर दर सेकंदाला. दुपारी त्याहून बरंच जास्त, बर्फावर पाऊस पडला तर आणखी. एका उन्हाळ्याचा प्रवाह अवाढव्य नाही. पण त्याच्या हातात हत्यार होतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे कड्यांवरून टोकदार दगडांचा सतत पुरवठा होत होता आणि तेच दगड तळ घासत होते. हे हजारो उन्हाळे चाललं, आणि एका हिमकाळात नाही, अनेक हिमकाळांत.

हा वाहून गेलेला माल गेला कुठे, असं विचाराल तर पठाराच्या उत्तर बाजूला बरिंग्टन कूमच्या तोंडाशी पसरलेला दगडगोट्यांचा पंखा पाहा. आज तिथे एवढे दगड आणणारा ओढा नाही.

---

पाझर

खडकवाट यांच्याशी सहमत, पण भूमिगत बाजू सोडून ही गोष्ट अर्धीच राहते. गोठलेल्या काळात पाणी वरून वाहून दरी कापतं. उबदार काळात तेच पाणी खाली जाऊन गुहा कोरतं. पठार या दोन पाळ्यांत आलटूनपालटून घडलं आहे, आणि आपण आत्ता दुसऱ्या पाळीत, म्हणजे गेल्या ११,७०० वर्षांच्या उबदार काळात आहोत.

आधी रचना समजून घ्या. मेंडिप म्हणजे चार घुमटाकार वळ्या: ब्लॅक डाउन, नॉर्थ हिल, पेन हिल आणि बीकन हिल. त्यांच्या गाभ्यात जुना, डेव्होनियन काळातला ओल्ड रेड सँडस्टोन आहे, आणि कडेने सुमारे ३५ ते ३३ कोटी वर्षांपूर्वीचा कार्बनिफेरस चुनखडक. वालुकाश्म पाणी मुरू देत नाही, म्हणून सर्वांत उंच जागा, ब्लॅक डाउनवरची ३२५ मीटरची बीकन बॅच, तिथे ओढे आहेत. हे ओढे उतरत उतरत, मधला शेलचा (चिखलापासून झालेल्या खडकाचा) पट्टा ओलांडून चुनखडकावर पोचले की थोड्याच अंतरात जमिनीत शिरतात. या तोंडांना तिथे स्वॉलेट म्हणतात. प्रिडी गावाजवळचं स्विल्डन्स होल हे त्यांतलं प्रसिद्ध. तिथे शिरलेलं पाणी वुकी होलला बाहेर येऊन ॲक्स नदी होतं. चार्टरहाउसकडचं पाणी चेडरला निघतं. १९६०च्या दशकात लायकोपोडियम या वनस्पतीचे रंगवलेले बीजाणू स्वॉलेटांत सोडून आणि झऱ्यांवर बारीक जाळ्या लावून या जोडण्या सिद्ध केल्या गेल्या. वेगवेगळ्या रंगांमुळे एकाच वेळी अनेक स्वॉलेट तपासता येतात, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा होता.

विरघळण्याचा वेगही काढता येतो, आणि हा हिशोब प्रत्येकाने एकदा स्वतः करावा. झऱ्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम विरघळलेला चुनखडक धरा. बाष्पीभवन वजा जाता वर्षाला ६०० मिलिमीटर पाणी मुरतं असं धरा. म्हणजे चौरस मीटरमागे ६०० लिटर, त्यात १५० ग्रॅम खडक. घनता २.७ असेल तर ५६ घनसेंटिमीटर, म्हणजे पृष्ठभाग वर्षाला ०.०५६ मिलिमीटर खाली जातो. हजार वर्षांत ५६ मिलिमीटर. यातलं बहुतेक विरघळणं माती आणि खडकाच्या वरच्या काही मीटरांतच होतं, कारण पाण्यातलं आम्ल तिथेच खर्ची पडतं. म्हणून विरघळण्याने पठार सर्वत्र थोडंथोडं खचतं, दरी कोरली जात नाही. दरीसाठी पाणी एका रेषेत जमायला हवं, आणि ते जमलं गोठलेल्या काळात. दरीलाही नुसतं विरघळणं जबाबदार धरणारी वर्णनं इथेच फसतात.

---

शैलेय

फार उपयोगी. दोन शंका. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, मग हिमकाळात चुनखडक जास्त विरघळायला नको का? आणि गोठलेली जमीन तर पूर्ण पठारावर होती, मग घळ फक्त खालच्या टप्प्यातच इतकी खोल का? वेल्वेट बॉटम तर उथळ, गुळगुळीत दरी आहे.

---

पाझर

पहिल्या शंकेचं उत्तर मातीत आहे. शून्य अंशाच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट कार्बन डायऑक्साइड मावतो हे खरं. पण तो मिळायला हवा ना. हिरव्या मातीत मुळं आणि सूक्ष्मजीव हवेच्या दहा ते शंभर पट कार्बन डायऑक्साइड तयार करतात. हिमकाळात माती गोठलेली, झाडोरा विरळ, आणि हवेतच त्याचं प्रमाण दशलक्षात १८०-१९० भाग. विरघळणाऱ्या चुनखडकाचं प्रमाण कार्बन डायऑक्साइडच्या दाबाच्या साधारण घनमुळाप्रमाणे बदलतं. दाब ५० पटींनी घटला तर चुनखडक चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो, आणि थंडीचा फायदा ती तूट भरून काढत नाही. त्यात पाणी वरच्यावर धावत असल्यामुळे खडकाशी त्याचा सहवासही कमी.

---

समोच्चरेषा

दुसऱ्या शंकेचं उत्तर: पायथा खाली गेला म्हणून.

मेंडिपचा हा चुनखडक एकेकाळी त्याच्या नंतरच्या, ट्रायासिक आणि जुरासिक काळांतल्या खडकांच्या आवरणाखाली बराचसा गाडलेला होता. पठाराच्या कडेने जुन्या दऱ्यांत ट्रायासिक काळातला गोट्यांचा खडक, डोलोमिटिक काँग्लोमरेट, अजून चिकटलेला सापडतो. भोवतालचे मऊ मातकट खडक झपाट्याने झिजले, चुनखडक उभा राहिला. म्हणजे पठार वर उचललं गेल्यापेक्षा शेजार खाली गेला असं म्हणणं जास्त बरोबर. आज पठार साधारण २५० मीटरवर आणि चेडरचा झरा समुद्रसपाटीपासून जेमतेम काही दहा मीटर उंचीवर आहे.

शेजार खाली गेला की नदीच्या तोंडाशी तीव्र उतार तयार होतो. तो उतार नदी तोंडाकडून उगमाकडे खात जाते. लांबछेदावर दिसणारा हा मोड म्हणजे निकपॉइंट. मोडाच्या खाली दरी खोल आणि अरुंद, मोडाच्या वर जुनी, उथळ, रुंद. वेल्वेट बॉटमपर्यंत ही लाट अजून पूर्ण पोचलेलीच नाही. नदी फक्त गोठलेल्या काळात कामावर असल्यामुळे तिला वेळही तुटक तुटक मिळाला.

घळीच्या दोन बाजू सारख्या नाहीत, त्याचंही कारण इथेच सांगतो, कारण पाण्याला सगळं श्रेय देण्याची चूक होते. थर दक्षिणेकडे कललेले आहेत. दक्षिणेच्या भिंतीत थर घळीपासून दूर, आत झुकतात. शिळा घसरू शकत नाहीत, फक्त उभ्या सांध्यांवर, म्हणजे खडकातल्या उभ्या भेगांवर, तुटून पडतात आणि कडा उभाच राहतो. उत्तरेच्या बाजूला थर घळीकडे झुकलेले, म्हणून शिळा थरतलावरून घसरत येतात आणि उतार सौम्य होतो. खोली पाण्याने दिली, पण कड्याचा आकार थरांच्या कलाने आणि सांध्यांनी दिला.

आता लायडार. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा १ मीटरचा नकाशा मोफत आहे. क्रम असा ठेवा.

जमिनीचा नकाशा घ्या, झाडांच्या शेंड्यांसकटचा नको. घळीच्या उतारांवर दाट झाडी आहे आणि दुसऱ्या नकाशात दरी अरुंद दिसते. प्रक्षेपण ब्रिटिश नॅशनल ग्रिड, सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी २७७००. अक्षांश-रेखांशात काम केलंत तर उताराची सगळी गणितं बिघडतील. पूर्ण पठारासाठी १ मीटर गरजेपेक्षा बारीक आहे, ५ मीटरवर आणा. फक्त घळीसाठी १ मीटरच ठेवा.

त्यानंतर सगळ्यांत जास्त चुकीची पायरी येते. प्रवाहजाळं काढण्याआधी सॉफ्टवेअर खळगे भरून घ्यायला सांगतं. चुनखडकाच्या प्रदेशात ते खळगेच तर खरे आहेत, पाणी तिथून खाली जातं. सरसकट भरलंत तर जिथे कधीच ओढा नव्हता तिथून ओढे निघतील. म्हणून दोन प्रती ठेवा, एक भरलेली आणि एक मूळ. भरलेलीतून मूळ वजा करा आणि १ मीटरपेक्षा खोल खळगे वेगळे काढा. भरलेल्या प्रतीवरचं जाळं म्हणजे 'जमीन गोठलेली असताना पाणी कुठून गेलं असतं' याचं चित्र, मूळ प्रतीवरचं म्हणजे आजचं. हे दोन्ही शेजारी ठेवले की तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर नकाशावरच दिसतं.

खळग्यांच्या यादीवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. चार्टरहाउसच्या आसपास रोमन काळापासून शिशाच्या खाणी होत्या. तिथल्या खड्ड्याखळग्यांच्या जमिनीला ग्रफी ग्राउंड म्हणतात. ते खड्डे लायडारवर नैसर्गिक खळग्यांसारखेच दिसतात. फरक असा की खाणीचे खड्डे शिशाच्या शिरेच्या रेषेत, दाटीने असतात आणि कडेला उपसलेल्या मातीचा उंचवटा असतो. नैसर्गिक खळग्याला असा काठ नसतो. वेल्वेट बॉटमच्या तळाशी एकोणिसाव्या शतकातल्या शिसं धुण्याच्या कामाचे बांध आणि गाळ आहेत. लांबछेदात तिथे पायऱ्या दिसतील, त्यांना निकपॉइंट समजू नका. खालच्या घळीत तर तळाची रेषा म्हणजे मुळात रस्त्याची रेषा आहे, भराव आणि कापणी धरून. ५० मीटरच्या खिडकीने सरासरी घ्या आणि १० मीटरपेक्षा लहान मोडांवर काहीही निष्कर्ष बांधू नका.

---

क्षणकण

वयाबद्दल. दरीचं वय थेट मोजता येत नाही, कारण दरी म्हणजे नसलेला खडक. मोजतात ते शेजारच्या गुहांचं.

तर्क असा. गुहेची वाट पाण्याखाली असताना तिच्यात स्टॅलॅग्माइट, म्हणजे थेंबांतल्या चुन्याचा तळावर वाढणारा खांब, वाढत नाही. दरीचा तळ खाली गेला, झरा खाली सरकला, वाट कोरडी पडली, मगच थेंब पडून स्टॅलॅग्माइट सुरू होतो. गॉफ गुहेच्या वर कड्यात लाँग होल आणि ग्रेट ऊन्स होल अशा जुन्या, सोडून दिलेल्या पातळ्या आहेत. वरच्या पातळीतल्या सर्वांत जुन्या स्टॅलॅग्माइटचं वय हे 'तोपर्यंत तळ याच्या खाली गेलेला होता' एवढं सांगतं. म्हणजे ते किमान वय आहे. थेंब सुरू व्हायला लाखभर वर्षं लागली असतील तर ते या पद्धतीत कळत नाही.

हे वय काढायच्या युरेनियम-थोरियम पद्धतीला काहीशे मिलिग्रॅम कॅल्साइट, म्हणजे स्टॅलॅग्माइटचं खनिज, पुरतं. मर्यादा साधारण ५ ते ६ लाख वर्षं. बिघडतं ते दोन कारणांनी. एक, चिखल मिसळलेला कॅल्साइट: त्यात आधीपासूनच थोरियम असतं आणि वय फुगतं. थोरियम-२३२ मोजून ते पकडता येतं, पण मळकट पट्ट्यांचा नमुना न घेणं हेच शहाणपणाचं. दोन, पुन्हा विरघळून स्फटिक बदललेला कॅल्साइट: त्यातून युरेनियम निसटलेलं असतं आणि वय भलतंच येतं.

याच नमुन्यांत एक मोलाची गोष्ट आपोआप मिळते. थंड काळात माती गोठली की थेंब थांबतात, म्हणून स्टॅलॅग्माइटची वाढ खंडित होते. पाझर यांनी सांगितलेल्या दोन पाळ्यांची नोंद अशी दगडातच राहते.

५-६ लाखांच्या पलीकडे जायचं तर वालुकाश्मातून गुहेत वाहून आलेले क्वार्ट्झचे गोटे लागतात. जमिनीवर असताना वैश्विक किरणांमुळे त्यांत ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० साधारण ६.७५ ला १ या प्रमाणात तयार होतात. गोटा गुहेत गाडला गेला की निर्मिती थांबते आणि फक्त ऱ्हास चालू राहतो. अर्धायुष्यं अनुक्रमे ७ लाख आणि १३.९ लाख वर्षं, म्हणून प्रमाण घसरत जातं आणि त्यावरून गाडलं गेल्याचा काळ निघतो. अट अशी की डोक्यावर भरपूर खडक हवा. १० मीटरपेक्षा कमी असेल तर किरणं आतही थोडी पोचतात आणि वय प्रत्यक्षापेक्षा कमी येतं. गोटा जुन्या गुहेतल्या गाळातून सुटून नव्या गुहेत आला असेल तर उलट, वय जास्त येतं. म्हणून एकाच थरातले अनेक गोटे स्वतंत्रपणे मोजावेत, सरमिसळ करू नये.

चेडर घळ गेल्या सुमारे १२ लाख वर्षांतल्या थंड काळांत कापली गेली असं मानतात. १३७ मीटर भागिले १२ लाख केलं तर हजार वर्षांना ११ सेंटिमीटर येतात, पण हा आकडा फसवा आहे. काम उबदार काळात जवळजवळ बंद होतं, त्यामुळे थंड काळातला खरा वेग याहून बराच जास्त असणार.

नमुने घ्यायचा विचार असेल तर: हे संरक्षित क्षेत्र आहे. जागामालकाची आणि नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेची परवानगी आधी. तुटून पडलेला तुकडा उचलायलाही.

---

शैलेय

सगळ्यांचे आभार. दोन प्रती ठेवायची युक्ती लगेच करून पाहतो. एक शेवटचं: घळीतून आधुनिक काळात कधी पाणी वाहिलं आहे का?

---

खडकवाट

हो. १० जुलै १९६८ च्या अतिवृष्टीत. पठाराच्या उत्तरेला च्यू स्टोक इथे १८ तासांत १७५ मिलिमीटर पाऊस झाला. भेगांची पाणी ओढण्याची क्षमता संपली आणि घळीतून लोंढा आला, मोठाले दगड खाली आले, गाड्या वाहून गेल्या, गॉफ गुहेत पाणी तीन दिवस होतं. यॉर्कशरच्या मॅलहम कोव्हवरून डिसेंबर २०१५ च्या वादळात धबधबा कोसळला, तोही याच जातीचा प्रसंग.

पण अशा पुरांनी घळ कापली असं म्हणू नका. उबदार काळातला असा पूर क्वचित येतो, आणि घासायला लागणारा टोकदार दगडांचा पुरवठाही त्याला तितका नसतो. लांबछेद काढलात की घळीच्या वरच्या टोकाच्या ब्लॅक रॉकच्या आसपास मोड नेमका कुठे येतो ते इथे टाका, आणि खिडकी किती मीटरची घेतली तेही लिहा, नाहीतर दुसऱ्याच्या छेदाशी ताडून पाहता येत नाही.